‘राहू दे रे, उद्या बघू रे’ : गाण्याचे शब्द अडलेत, मदत हवी

बोगद्यापलीकडे (सातारा)
नमस्कार मंडळी. इथे सहा वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. तीन वेळा लिहून पुसला, हे आधीच कबूल करतो, कारण विषयही तोच आहे: ऐन वेळी माघार घेणं.

मी गाणी लिहितो. पोटापाण्याचं काम वेगळं. एका मित्राकडे गिटार आहे, दुसरा कहॉन (लाकडी खोक्यासारखं तालवाद्य) वाजवतो, शाहूपुरीत त्याच्या गच्चीवर शनिवारी बसतो. तीन वर्षांपूर्वी पुण्याला एका ठिकाणी माझं एक गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं होतं. पैसे समोरचा देणार होता, मला फक्त जायचं होतं. सकाळी स्टँडवर गेलो, स्वारगेटचं तिकीट काढलं, खिडकी मिळाली, आणि वाढे फाट्यावर उतरलो. कंडक्टर म्हणाला, “अहो, तिकीट पुढचं आहे.” म्हटलं, काम निघालं. चालत घरी आलो. घरात सांगितलं, रेकॉर्डिंग रद्द झालं.

हे एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. नोकरीत झालं, लग्नाच्या बोलणीत झालं. ऐन वेळी आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर धोंड्याला दोष द्यायचा. आता यावरच गाणं लिहायला घेतलंय. मुखडा असा झालाय:

*आत माझ्या अंधार दाटला*
*मीच माझा शत्रू झालो*
*मीच उगारली तलवार अन्*
*मीच रणात घायाळ झालो*

मित्र म्हणतात भारी आहे. मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगता येत नाही. सांगाल?

---

पेवातली हळद (सांगली)
सांगते. राग मानू नका. तुमच्या वरच्या परिच्छेदात कंडक्टर आहे, खिडकी आहे, वाढे फाटा आहे. गाण्यात यातलं काहीच नाही. गाण्यात तलवार आहे. तुमच्याकडे तलवार आहे का?

---

उसाची मोळी (इस्लामपूर)
हळदताई 😂
पण खरंय लका. तलवार बिलवार सोड. कंडक्टर घे गाण्यात.

---

माची पेठ (सातारा)
बोगद्यापलीकडे, तुम्ही आमच्याच भागातले दिसता. मी निवृत्त मराठी शिक्षक. तुमच्या चार ओळींत यमकाच्या जागी दोन्हीकडे ‘झालो’ आलंय आणि मात्रा सगळ्या ओळींत जुळत नाहीत, पण ते नंतर पाहू.

बोगद्यातून पुढे गेलं की सज्जनगडाचा रस्ता लागतो. गडावर संध्याकाळी करुणाष्टकं कानावर पडली असतीलच. आपण ती लहानपणी पाठ केली आणि पाठ केली म्हणूनच नीट ऐकली नाहीत. समर्थांची एक ओळ आहे: ‘घडिघडि विघडे हा निश्चयो अंतरींचा’. सकाळी स्टँडवर जाणारा आणि वाढे फाट्यावर उतरणारा, दोघं या एका ओळीत आहेत. ‘विघडे’ हे क्रियापद बघा. निश्चय कुणी मोडत नाही, तो आपोआप उसवतो. तुमच्या कवितेत मात्र तुम्ही तलवार घेऊन तो मोडताय. अनुभव उसवण्याचा आणि प्रतिमा मोडण्याची, हा घोटाळा आहे.

---

बोगद्यापलीकडे
गुरुजी, ‘उसवण्याचा’ हा शब्द वाचून दहा मिनिटं गप्प बसलो होतो. खरंच तसंच होतं. भांडण नाही होत आत. टाका सुटतो.

---

जात्यावरची (विटा)
माची पेठ काकांना +१. पण संतांकडे जायच्या आधी बहिणाबाईंकडे जाऊ. लिहितावाचता येत नव्हतं त्या बाईला, आणि मनाला काय म्हणाली? उभ्या पिकातलं ढोर. राक्षस नाही, अंधार नाही. ढोर! म्हणजे आपल्याच गोठ्यातलं, आपणच पाळलेलं. कितीही हाकललं तरी परत पिकावर येतं, कारण त्याला भूक आहे, वैर नाही. शेतकऱ्याच्या बायकोला ते दिसलं, कारण तिने खरंच ढोर हाकललेलं होतं. तुम्ही काय हाकललंय ते लिहा.

अवांतर: त्यांच्या गाण्यांचं पुस्तक त्या गेल्यावर, १९५२ साली आलं. छापलेलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. मला हे आठवलं की उगाच भरून येतं.

---

निद्रानाश (पुणे, मूळ कराड)
मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं त्या बाजूने.

तुम्ही जे केलंत त्यावर १९७८ साली बर्गलास आणि जोन्स या दोघांचा एक प्रयोग आहे. लोकांना आधी कोडी दिली. काहींना सुटण्याजोगी, काहींना न सुटणारी. उत्तरं कशीही असोत, सांगितलं मात्र “छान जमलं तुम्हाला”. मग दुसरी परीक्षा. तिच्याआधी दोन गोळ्यांपैकी एक निवडायची: एक डोकं तल्लख करणारी, एक मंद करणारी. (गोळ्या नावापुरत्याच होत्या.) ज्यांना आपलं यश कशामुळे आलं हेच कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या पुरुषांनी मंद करणारी गोळी जास्त उचलली. का? तर नापास झालो तरी गोळीमुळे झालो म्हणता येतं. हुशारीला धक्का नाही.

आता वाढे फाटा बघा. स्टुडिओत जाऊन गाणं फसलं असतं, तर ‘मला गाता येत नाही’ हे सिद्ध झालं असतं. उतरून गेलात म्हणून ‘गेलो असतो तर जमलं असतं’ हे तीन वर्षं जिवंत राहिलं. तुम्ही गाणं बुडवलं नाहीत, एका अर्थी वाचवलंत. महागात पडलं, एवढंच.

---

बोगद्यापलीकडे
निद्रानाश सर, हे वाचून जरा राग आला आणि मग कळलं का आला.

---

सकाळचा फिरस्ता
चिंता आणि चिता यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे. चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता

---

उसाची मोळी
ए फिरस्ता, हे पंधरा वर्षांपूर्वी आलतं मोबाईलवर. बस कर.

---

पेवातली हळद
एक प्रश्न. उतरल्यावर कसं वाटलं होतं? खरं सांगा. वाईट वाटलं हे नका सांगू, वाईट नंतर वाटतं. उतरल्या उतरल्या काय वाटलं?

---

बोगद्यापलीकडे
हलकं वाटलं.

इतकं हलकं की फाट्यावर उभं राहून वडापाव खाल्ला. घरी आल्यावर आईने चहा टाकला. त्या चहाची चव अजून आठवते.

---

निद्रानाश
हळदताईंनी नेमका प्रश्न विचारला. यातला फास तोच आहे. छातीत धडधड, तळहात ओले, पोटात गोळा. पाय मागे घेतला की पाच मिनिटांत सगळं शांत. मेंदू काय शिकला? पाय मागे घेणं हे औषध आहे. पुढच्या वेळी तो हेच औषध आणखी लवकर सुचवतो, पहिल्या वेळी वाढे फाट्यावर सुचलं तर पुढच्या वेळी स्टँडवरच. टाळण्याने भीती कमी होत नाही, टाळण्याची सवय मात्र पक्की होते, कारण दर वेळी लगेच बक्षीस मिळतं. उपचारात म्हणूनच हळूहळू, ठरवून, त्या धडधडीत बसून राहायला शिकवतात. ती आपोआपही ओसरते, हे शरीराला एकदा अनुभवायला मिळावं लागतं.

---

माची पेठ
म्हणजे गाण्याचा खलनायक सुटका आहे, भीती नव्हे. हे मी पूर्वी कुठल्या भावगीतात ऐकलेलं नाही.

---

बोगद्यापलीकडे
रात्रीचे दोन वाजलेत. सोळा मात्रांत बसवायचा प्रयत्न केलाय, गुरुजी तपासा.

*तिकीट काढुन बसलो होतो*
*खिडकीचीही जागा होती*
*वाढे फाटा येता येता*
*आतुन कोणी हळूच म्हणते :*

*राहू दे रे, उद्या बघू रे*

*घरी सांगितले रद्द झाले*
*आईने मग चहा टाकला*
*जीव केवढा हलका झाला*
*हलका झाला, तिथेच फसला*

---

पेवातली हळद
आता गाणं आहे.

---

जात्यावरची
‘हलका झाला, तिथेच फसला’ 👌 आणि तो आवाज ‘मर, तुला जमणार नाही’ असं म्हणत नाही, हे फार बरोबर पकडलंत. तो आवाज प्रेमाने बोलतो. माझा तर हुबेहूब माझ्या आजीसारखा बोलतो. “बाई, दमलीस. राहू दे आज. एवढं काय अडलंय?” शिव्या देणारा असता तर कधीच हाकलून लावला असता. मी बीएडचा फॉर्म दोन वर्षं भरला नाही तो याच आवाजामुळे. शेवटच्या तारखेला पोळ्या लाटत बसले होते, कुणी सांगितलं नसताना.

---

उसाची मोळी
‘रे’ आहे म्हणून प्रेमाचं वाटतंय. ‘रे’ काढून बघा. ‘राहू दे, उद्या बघू’. हे ऑफिसातला साहेब बोलल्यावाणी वाटतंय.

---

माची पेठ
मात्रा मोजल्या. सगळ्या ओळी सोळाच्या, शाबास. आठ मात्रांच्या केहरव्यात दोन आवर्तनांत सरळ बसतील. फक्त ध्रुवपद चुकलंय. ‘उद्या’तला उ पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू होतो, त्यामुळे ओळ सतरा मात्रांची झाली. ‘राहू दे रे, नंतर बघुया’ केलंत तर सोळा होतील.

---

पेवातली हळद
काका, नको! ‘नंतर’ सगळेच म्हणतात. ‘उद्या’ला तारीख आहे, म्हणून ते जास्त मोठं खोटं आहे.

---

माची पेठ
खोटं मोठं असेल, मात्राही मोठी आहे.

---

मिरजेचा भोपळा (मिरज)
मधे पडतो. घरात तीन पिढ्या तंबोरे बनतात. सतरावी मात्रा गायक खाऊन टाकतो, त्याची काळजी नको. पण माझं मत, ती खाऊच नये. सोळाच्या ओळींची सवय झाल्यावर ऐकणाऱ्याची मान समेवर हलायला लागते. तिथे एक मात्रा जास्त आली की मान चुकते. या गाण्यात नेमकं ‘उद्या’वर पाऊल चुकणं यापेक्षा चांगली जागा कुठली?

दुसरं. ही धास्ती समूळ काढून टाकावी, असं तुम्हाला वाटत असेल. तंबोऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली एक बारीक दोरा असतो, जवारीचा. तो केसभर पुढेमागे सरकवून तारेचा झंकार उघडायचा. दोरा जागचा हलला की तार नुसती खरखरते, नाहीतर मुकी होते. गिऱ्हाईक कधी कधी म्हणतं, हा दोरा कशाला, काढून टाका. काढला तर तार वाजते, पण तंबोरा वाजत नाही.

---

उसाची मोळी
भोपळे, हे लई मोठं बोललास. तुझ्या बायकोला दाखव, ती म्हणंल दोरा नीट लाव आधी, गिऱ्हाईक आठवडाभर बसलंय.

---

मिरजेचा भोपळा
बारा दिवस झाले. कुठून कळलं तुला?

---

सातारी कंदी
वाचतेय. शब्दांबद्दल एक. ‘अँग्झायटी’ हा शब्द गाण्यात येणार का? की मराठीत काही आहे? चिंता म्हटलं की सरकारी वाटतं (‘मंत्र्यांनी चिंता व्यक्त केली’).

---

जात्यावरची
भरपूर आहेत, फक्त प्रत्येकाचं घर वेगळं. घोर आईला लागतो, लेकीचा किंवा पोराचा. घालमेल दारात उभं असताना होते, आत जावं की बाहेर. हुरहूर गोड असू शकते. धास्तीला समोर कुणीतरी लागतं, सासरा किंवा सावकार. धाकधूक निकालाच्या आदल्या रात्रीची. जीव टांगणीला लागतो तो दवाखान्याच्या बाहेर. डॉक्टर ज्याला अँग्झायटी म्हणतात ती यातलं कारण काढून घेतल्यावर उरते. दार नाही, सावकार नाही, निकाल नाही, तरी घालमेल चालूच.

---

पेवातली हळद
हा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला.

---

उसाची मोळी
आमच्याकडं म्हणत्यात ‘जीव वरखाली हुतोय’. वर कुठं जातोय आणि खाली कुठं येतोय कुणालाच म्हाईत नसतंय.

---

निद्रानाश
जबाबदारी म्हणून एक वाक्य. गाणं लिहिणं चांगलंच, पण झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, नको ते विचार येत असतील तर बोलायला माणूस हवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

---

बोगद्यापलीकडे
सर, धन्यवाद. मी महिन्यातून दोनदा एका बाईंकडे जातो, पाच महिने झाले. पहिल्या तीन तारखा मीच रद्द केल्या होत्या, तो भाग सोडून द्या.

शेवटचा अंतरा अडलाय. मित्रांना वाटतं शेवट जिंकण्याचा हवा. ‘आता मी थांबणार नाही’ वगैरे. मुखड्यातली तलवार तिथे परत येते की काय अशी भीती आहे.

---

माची पेठ
करुणाष्टकात पहिल्याच श्लोकाच्या शेवटी धावा आहे, ‘धाव रे धाव आता’. हाक मारणाऱ्यासमोर ज्याला हाक मारायची तो राम आहे. तुमच्या गाण्यात हाक कुणाला आहे? आतला आवाज तुमच्याशी बोलतो, तुम्ही कुणाशीच बोलत नाही. तिथे कुणीतरी हवं.

---

पेवातली हळद
काका, हे पटलं, पण प्रत्येकाकडे राम नसतो हो.

मी माझ्या नावाबद्दल सांगते, कदाचित उपयोग होईल. आमचं मूळ घर हरिपूरला. तिथे जमिनीत हळदीची पेवं असायची. तोंड अरुंद, आत खोल, माणूस उतरेल एवढं. हळद वर्षानुवर्षं राहायची. पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आत हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून जातो. आधी तोंड उघडून ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं. विझला तर वर बसून राहायचं, थोड्या वेळाने परत सोडायचा. माझे आजोबा तिथे बिडी ओढत बसलेले असायचे, लांब, कडेला. त्यांना कुणी भित्रा म्हटलं नाही कधी. विझला तर बसायचंच असतं. आणि एक, पेवावर कुणी एकटं जात नाही. दोर धरायला वर माणूस लागतोच.

---

जात्यावरची
🙏

---

माची पेठ
घ्या, माणूस सापडला. दोर धरणारा.

---

बोगद्यापलीकडे
हळदताई, तुमची परवानगी गृहीत धरून:

*पेव उघडले, घाई नाही*
*आधी खाली कंदिल सोडू*
*जळत राहिला तर मग उतरू*
*विझला तर मग... बसून राहू*

पहिल्या अंतऱ्यात ‘बसलो होतो’ आहे, इथे ‘बसून राहू’. तेव्हा एकटा होतो, आता अनेकवचन आपोआप आलं. मी ठरवून केलं नाही, खरंच.

---

पेवातली हळद
परवानगी आहे. आजोबांची बिडी आली असती तर अजून बरं वाटलं असतं.

---

माची पेठ
सगळ्या ओळी सोळा. ‘कंदिल’ ऱ्हस्व घेतलात ते वृत्तासाठी चालेल. सतराव्या मात्रेवरचा माझा आक्षेप मागे घेतो. नाइलाजाने.

---

सातारी कंदी
(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतेय. गायलं का?

---

उसाची मोळी
वाढे फाट्यावर उतरला असंल.

---

बोगद्यापलीकडे
आहे, आहे. गायलं परवा शनिवारी, गच्चीवर, सात-आठ जण होते. दुपारपासून घसा दुखायला लागला होता. गरम पाणी, मीठ, लवंग सगळं केलं, मग मित्राला फोन करून सांगणार होतो, घसा बसलाय. फोन हातात घेतल्यावर निद्रानाश सरांची गोळी आठवली. घसा खरंच दुखत होता का, हे मला अजूनही सांगता येणार नाही. तसाच गेलो.

हात थरथरत होते म्हणून कागद मांडीवर ठेवला. पहिला अंतरा मी जरा पळवलाच. ध्रुवपदाला कहॉनवाला ‘उद्या’वर बरोबर चुकला, टाळ्या धरणारेही चुकले, सगळे हसले. दुसऱ्या वेळी परत चुकले. तिसऱ्या वेळी सगळे वाट बघत होते, आता चुकणार म्हणून, आणि तेव्हा मी चुकलो, ओळच विसरलो. मित्राच्या आईने कठड्यापाशी उभं राहून ओळ सांगितली, “राहू दे रे”. त्यांनी जी सांगितली ती इतक्या मायेने सांगितली की मला पुढचं गाता येईना. थोडा वेळ गिटारच वाजत राहिली. मग पेवाचा अंतरा म्हटला.

---

मिरजेचा भोपळा
वा. (तंबोरा काल दिला, सगळ्यांच्या माहितीसाठी.)

---

जात्यावरची
मित्राच्या आईला माझा नमस्कार सांगा.

---

माची पेठ
मला वयोमानाने गच्ची चढवत नाही, नाहीतर आलो असतो. रेकॉर्डिंग असेल तर ऐकवा.

---

बोगद्यापलीकडे
गुरुजी, मोबाईलवर केलंय मित्राने. आवाज जरा लांबून आलाय, पण आहे. उद्या टाकतो.

---

उसाची मोळी
उद्या म्हंजी कितवी मात्रा?